वीतभर चिंच

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पहाटे देवापुढे बसलो आणि डोळे मिटले, तर देवाच्या जागी टोपीवाला. गवताची ती रुंद टोपी आणि तिच्याखाली नीट कातरलेली पांढरी दाढी. दोनदा प्रयत्न केला, मग उठलो. अशा डोक्यानं बसून देवाचा वेळ कशाला घ्यायचा.

याचं मूळ कालच्या कागदात आहे. धाकटी मुलगी लँडस्केप आर्किटेक्चर शिकते, तिसरं वर्ष संपत आलंय. बागा, मैदानं, पाण्याचे उतार, सावल्या यांची आखणी करायची ती विद्या. मी सव्वीस वर्षं उद्यान खात्याच्या रोपवाटिकेत आहे, आता तिचा मुकादम आहे. जे आम्ही चिखलात बसून करतो ते तुम्ही खुर्चीत बसून करता, असं मी तिला चिडवतो. तर काल तिनं शिष्यवृत्तीचा कागद आणला. दर वर्षी एकालाच मिळते. मिळाली तर उरलेल्या दोन वर्षांची फी माफ आणि ठिकठिकाणची कामं पाहायला जायचा प्रवासही त्यांच्याकडून. नाही मिळाली तर पुढचं वर्ष तिला भरता येणार नाही. हे घरात तिघांनाही ठाऊक आहे, म्हणून कुणीच बोलत नाही.

विषय आहे मोठ्या इस्पितळामागचं मोकळं आवार. हातानं काढलेली एकच शीट द्यायची, शीटवर नाव नाही, फक्त नंबर. आणि परीक्षक मंडळाचा प्रमुख कोण, तर टोपीवाला.

आठ वर्षांपूर्वी एका कचेरीच्या बागेची आखणी याच्याकडे होती. उद्घाटनासाठी या गृहस्थानं वीस-वीस फुटी झाडं क्रेननं आणवली. मी हात जोडून सांगितलं, साहेब, ऐन उन्हात मुळं छाटून आणलेलं झाड धरत नाही, रोपं लावा आणि पाच वर्षं थांबा. तो म्हणाला, पाहुणे परवा येणार आहेत. अकरा झाडं लावली, अकराही वाळली, आणि ‘पाणी घालण्यात हयगय’ असा शेरा माझ्या नावावर बसला. मी त्या झाडांना रविवारीसुद्धा जाऊन पाणी घातलं होतं.

फौजी म्हणजे आमचा पहारेकरी, सैन्यातून आलेला. तो विचारतो, मुकादम, आठ वर्षं एवढा राग टवटवीत ठेवायला खत कुठलं घालता?

मी झारी भरायला निघून गेलो. गावच्या शाळेत मास्तरांनी ही वही लिहायची सवय लावली. रोज चार ओळी, घडलं तेवढंच, वाढवायचं नाही. इथं तरी खरं लिहितो, की राग आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

तिघं मिळून इस्पितळामागे गेलो. बायको तिथल्याच धुलाईघरात कामाला आहे, त्यामुळे तिला त्या आवाराची खडान्‌खडा माहिती. नातेवाईक मागच्या दारानं बाहेर येतात, तिनं सांगितलं, आणि रडायचं असलं की टाकीच्या भिंतीशी जातात. पण तिथून खिडकीवरचा पुकारा ऐकू येत नाही. म्हणून लोक अर्धवट रडतात आणि पळत परत येतात.

धाकटीनं ते लिहून घेतलं. मग आईला खिडकीशी उभं केलं आणि नाव पुकारायला लावलं. बायको नवऱ्याचं नाव घेऊन ओरडायला लागली, कामावरच्या बायका हसू लागल्या. धाकटी मात्र पावलापावलानं मागे सरकत होती. जिथं आवाज पोचेनासा झाला तिथं तिनं खडे मांडले. खड्यांची ती वाकडी ओळ तिनं वहीत उतरवली. बाकडी या ओळीच्या आत, पण एकमेकांकडे पाठ करून, म्हणाली. माणसाला एकटं रडता आलं पाहिजे आणि नाव चुकता कामा नये.

मी माती बघायला कुदळ नेली होती. पाहतो तर तीन खड्डे आधीच खणलेले, गुडघ्याएवढे. तिनं ते गुरुवारी खणून पाण्यानं भरले होते आणि पाणी जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर टिपलं होतं. हे कुणी शिकवलं, मी विचारलं. तुम्हीच, मी सात वर्षांची होते तेव्हा, ती म्हणाली. मला आठवत नाही.

खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं. तिथं काय लावायचं ते मी सांगितलं. बांबू आणि आणखी दोन झुडपं तिच्या यादीत होतीच. चाफा मात्र मी काढायला लावला, त्याची मुळं ओलीत सडतात. तिनं लगेच काट मारली. मधोमध सावलीला चिंच घालणार आहे.

परत येताना मनात समाधान होतं. मुलगी माझ्या हाताखाली तयार झाली आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज वाद झाला, पण बरं झालं.

शीट जवळजवळ पुरी झालेली. जेवणाच्या टेबलावर पसरली होती, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. मी पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मधोमध एक मोठंच्या मोठं वर्तुळ, आत बारीक रेघांची सावली, भोवती बाकडी. बाकी झाडांचीही तशीच टपोरी वर्तुळं.

“ही चिंच लावणार केवढी?” मी विचारलं.

“रोपवाटिकेत मिळेल ती. वीतभर.”

“आणि काढली आहेस केवढी?”

“पूर्ण वाढलेली. असंच काढतात, बाबा.”

मग मी बोललो, बराच वेळ बोललो. हाच तो टोपीवाल्याचा धंदा, म्हटलं. जे नाही ते दाखवायचं आणि टाळ्या घ्यायच्या. तिथं बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पंचवीस वर्षं ऊन असणार आहे आणि तू त्याला कागदावर सावली देतेस. रोप लावणं आपल्या हातात, वाढवणं देवाच्या. त्याचं काम तुझ्या पेन्सिलीनं करायला जाऊ नकोस. लावशील तेवढंच काढ.

“बाबा, पण ते वर्तुळ म्हणजे,” ती म्हणाली आणि थांबली. आईकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

मग तिनं रबर घेतलं. तासभर लागला. एकेक वर्तुळ पुसून मधे ठिपका ठेवला. रबराचा चुरा तळहातावर गोळा करून ती मोरीशी टाकून आली आणि म्हणाली, झालं. मी म्हटलं, आता कागद खरा झाला.

आज देवापुढे छान मन लागलं. किती दिवसांनी.

४ मार्च, मंगळवार

शीट दिली. नंबर सतरा. धाकटीला विचारलं, कशी वाटते. म्हणाली, पाण्याचे उतार चांगले झालेत. झाडांबद्दल काही बोलली नाही.

१७ मार्च, सोमवार

तिला मिळाली नाही.

संध्याकाळी घरी आली, चप्पल काढली, पाणी प्यायली आणि मग सांगितलं. निवड दुसऱ्याच मुलाची झाली. मी कारण विचारलं. परीक्षकांनी शीटच्या मागे शेरे लिहिलेत, त्यातला एक म्हणे असा की ‘कागद रिकामा वाटतो’.

रिकामा. महिनाभर उन्हात खड्डे खणून, आईला घशाची शीर ताणून ओरडायला लावून केलेला कागद रिकामा. मी म्हटलं, बघ, त्यानं ओळखलं. ती म्हणाली, कुणी ओळखलं नाही बाबा, नुसता नंबर होता. मी म्हटलं, मुकादमाची पोर आहे हे कळायला नाव लागत नाही.

मी तक्रार करणार म्हटल्यावर ती एकदम उठून उभी राहिली. “पंधरा दिवस काही करू नका. मी सांगते म्हणून. पंधरा दिवस.” का, ते सांगेना. सांगितलं की उगाच आशा लागते, एवढंच पुटपुटली.

आशा कसली? घाबरली आहे. कॉलेजात राहायचं असेल तर मोठ्यांशी वाकडं घ्यायचं नाही, एवढंच तिथं शिकवतात. मी घाबरलो नव्हतो. अकरा झाडांच्या वेळीही नाही.

१९ मार्च, बुधवार

रोपवाटिकेतून निघालो तो सरळ कॉलेजात गेलो. सगळ्या शीट्स मोठ्या दालनात लावल्या आहेत, कुणीही बघू शकतं.

पहिली आलेली शीट मधल्या भिंतीवर, कोपऱ्याला लाल चिकटपट्टी. झाडंच झाडं. हिरव्या रंगाचे असे फुगे की भाजी बाजारात फुलकोबीचे ढीग लावलेत असं वाटावं. साचणाऱ्या पाण्याचं काय, तर एक निळी वळणदार रेघ आणि तिच्यात बदक. इस्पितळामागे बदक. मी मोठ्यानं हसलो तर दोन विद्यार्थिनींनी वळून पाहिलं.

आमची शीट बाजूच्या भिंतीवर. तिच्या कोपऱ्याला निळी चिकटपट्टी होती. बाकीच्या वीस-बावीस शीट्सना काहीच नव्हतं. लावताना खुणेसाठी चिकटवली असेल, काढायचं राहिलं. तेवढीही काळजी नाही यांना. मी नखानं ती खरवडून काढायला गेलो तर शिपाई धावत आला, हात लावू नका म्हणाला. त्याच्याशीही दोन शब्द झाले.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

पत्र लिहिलं. तीन दिवस ते डोक्यात तयार होत होतं, बसलो तर एका दमात उतरलं. मास्तरांनी घडवलेलं अक्षर, अजून वळणदार येतं. शिष्यवृत्तीच्या विश्वस्तांच्या नावानं, खाली माझी सही आणि हुद्दा. महत्त्वाचा भाग इथं उतरवून ठेवतो:

‘क्रमांक सतराच्या शीटमधील मातीची परीक्षा, पाण्याचा विचार आणि झाडांची निवड ही माझ्या सव्वीस वर्षांच्या अनुभवातून झालेली आहे. झाडे कोणती घ्यावी आणि केवढी काढावी हे मी स्वतः ठरवून दिले. तेव्हा त्यात चूक असण्याचा प्रश्नच येत नाही. चूक असलीच तर ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे.’

फौजीला वाचून दाखवलं. तो डोकं खाजवत म्हणाला, पोरीबद्दल आहे ना हे पत्र? मग पोर कुठाय यात? मी म्हटलं, तुला शासकीय भाषा कळत नाही. तो म्हणाला, बरोबर आहे, मला हुकूम कळतात फक्त. पेटीत टाकू नका, चार दिवस उशाशी ठेवा.

धाकटीचे पंधरा दिवस व्हायला अजून दहा-अकरा दिवस होते. पण अन्याय तारीख बघून होत नाही, तर उत्तर तारीख बघून का द्यायचं? दुपारी टाकलं.

२४ मार्च, सोमवार

हलकं वाटतंय. पाइप टाकणाऱ्या ठेकेदारानं आज वाफ्यातून सरळ चर खणला, चाळीस रोपांची मुळं तोडली. त्यालाही सुनावलं. रोप लहान आहे म्हणून तिथं काही नाही असं समजू नकोस, म्हटलं. तो म्हणाला, मला कसं कळणार, खूण तरी करायची ना. निर्लज्ज माणूस.

२८ मार्च, शुक्रवार

हे लिहायला जमेल की नाही माहीत नाही. लिहितो.

दुपारी धाकटीच्या प्राध्यापक बाईंचा फोन आला. मी नेमका घरी होतो. बाई आधी माझ्याशीच बोलल्या, अगदी शांतपणे. निळी पट्टी म्हणजे राखीव, दुसरा नंबर. पहिला मुलगा दुसऱ्या देशात शिकायला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यानं महिनाअखेर नाव मागं घेतलं की शिष्यवृत्ती क्रमांक सतराला जाणार होती. त्यानं काल नाव मागं घेतलं. आणि विश्वस्तांच्या टेबलावर, त्याच्या अर्जाच्या शेजारी, माझं पत्र होतं. नियम सहावा: काम विद्यार्थ्याचं स्वतःचं हवं, या व्यवसायातल्या माणसाची मदत घेतलेली चालणार नाही. बुधवारी चौकशी.

धाकटी आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. मला वाटलं रडेल. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“मातीची परीक्षा तुम्ही केलीत?”

मी टेबलावरची वाटी सरकवली.

“खड्डे मी गुरुवारी खणले. तुम्ही रविवारी आलात. पाण्याचा विचार तुम्ही केलात? झाडांची निवड? एक चाफा काढलात तुम्ही, बाबा. एक चाफा.”

मी म्हणालो, तुझ्या बाजूनंच लिहिलं होतं.

“केवढी काढायची ते मात्र तुम्ही ठरवलंत, तेवढी एकच ओळ खरी लिहिलीत. ते वर्तुळ म्हणजे झाड नसतं. ती जागा असते. उद्या तिथं कुणी भिंत घालू नये, नळ टाकू नये, म्हणून आधी आखून ठेवायची. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात.”

“मग सांगायचं होतंस.”

“सांगत होते. तुम्ही देवाला मधे आणलंत. देवाशी कोण वाद घालणार?”

मला तेव्हाही रागच आला होता, हे खरं लिहायला हवं. तिच्यावर, बाईंवर, नियमावर. मी म्हटलं, शेवटी बापाचा काही वाटा आहे की नाही. त्यावर ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

“चिंच वीतभर काढायला लावलीत. आणि स्वतःला मात्र पूर्ण वाढलेलं काढलंत.”

उठून आत गेली. बायको दारात उभी होती, हातात ओला कपडा. म्हणाली, लोक कुठं रडतात ते मी सांगितलं होतं तिला, मीही एक पत्र टाकते, धुलाईघराच्या हुद्द्यासकट. विनोद करत होती की नाही, मला कळलं नाही. हसली नाही.

३० मार्च, रविवार

दुसरं पत्र लिहायला बसलो, की पहिलं वाढवून लिहिलं होतं. धाकटीनं पाहिलं. आता एक अक्षर लिहू नका, एवढंच म्हणाली. कागद माझ्या हातातून घेतला नाही, फाडला नाही. नुसती उभी राहिली, मी तो घडी करेपर्यंत.

पहाटे बसतो. काय मागायचं ते सुचत नाही. इतके दिवस मला वाटत होतं मी मागतच नाही.

२ एप्रिल, बुधवार

चौकशीला मी गेलो. तिनं येऊ नका म्हटलं होतं, म्हणून आत गेलो नाही, व्हरांड्यात बसलो. दोन तास. एकदा दार उघडलं तेव्हा दिसलं, ती फळ्याशी उभी राहून उताराची आकृती काढत होती. पाठमोरी. हात कुठं थांबत नव्हता.

मधे टोपीवाला बाहेर आला. नळावर बाटली भरायला. टोपी काखेत होती. डोक्यावर केस उरलेले नाहीत आणि बाटली धरलेला हात थरथरतो. आठ वर्षं मी ज्याच्याशी मनात भांडलो तो एवढा म्हातारा नव्हता.

त्यानं मला पाहिलं आणि नळ बंद केला.

“अकरा झाडं,” तो म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते आठ वर्षं पाठ होतं, पण त्याआधी तोच पुढे बोलला.

“पाणी तुम्ही घातलं होतं. रविवारीही. मी पाहिलं होतं.”

“मग शेरा माझ्यावर कसा बसला?”

“मी गप्प बसलो म्हणून.” त्यानं बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, बसेना. “तुमची मुलगी आहे हे पत्र आल्यावर कळलं. त्याच्या आधी तिला दुसरी मी ठेवली. बाकीचे म्हणत होते कागद रिकामा आहे. मी म्हटलं, उतार बघा, ती खड्यांची ओळ बघा.”

मी सांगितलं की पत्रात मी वाढवून लिहिलं. माती तिनं पाहिली, पाणी तिनं पाहिलं. माझा एक चाफा.

“ते मला कळतं,” तो म्हणाला. “विश्वस्तांना सहीचा कागद कळतो.” मग आत जाता जाता थांबला. “आम्ही विचारलं, झाडं एवढी लहान काढायचा निर्णय कुणाचा. म्हणाली, माझा. वडिलांनी पत्रात वेगळं लिहिलंय, म्हटलं. म्हणाली, रबर माझ्या हातात होतं.”

मी पुन्हा बसलो. बाटलीचं झाकण तिथंच नळाखाली पडलं होतं. उचलून दाराशी ठेवलं.

राग गेला असं नाही. त्यानं आठ वर्षांपूर्वी हेच एक वाक्य बोलायचं होतं. पण आता तो राग हातात घेऊन बघितला तर आधीइतका जड लागत नाही, आणि ज्याच्यावर टाकावा असा माणूसही सापडत नाही. एक सोडून.

९ एप्रिल, बुधवार

निकाल आला. नियम सहाप्रमाणे क्रमांक सतरा बाद. शिष्यवृत्ती क्रमांक चारला. पुढच्या वर्षी नवीन शीट घेऊन पुन्हा अर्ज करायला हरकत नाही, असं बाईंनी लिहून घेतलंय, तेवढं त्यांनी लढून मिळवलं.

धाकटी एक वर्ष थांबणार. मी म्हटलं, रोपवाटिकेत ये, खात्यात रोजंदारीची जागा आहे, मी बोलतो. ती म्हणाली, तुमच्या रोपवाटिकेत नको. एका मोजणीवाल्याकडे तिनं काम ठरवलंय, रोज उन्हात जमिनीच्या उंचसखलपणाची मापं घ्यायची. कधी ठरवलं, कुणाला विचारून, ते मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

बायको म्हणाली, आज पहिल्यांदा गिळलंत.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी धाकटी टेबलावर मापाच्या वह्या आखत बसली होती. गेले दोन आठवडे आमचं बोलणं म्हणजे मीठ दे आणि दार लाव. मी दाराशी थांबून विचारलं, चिंचेला किती धरतात.

तिनं मान वर केली नाही. “बारा मीटर. व्यास.”

मी चपला घातल्या. पायरी उतरलो तेव्हा आतून आवाज आला, “म्हणजे दोरी सहा मीटर. ताठ धरा, नाहीतर वाकडं येईल.”

सुट्टी असल्यामुळे रोपवाटिकेत फौजीशिवाय कुणी नव्हतं. मागच्या बाजूला गेल्या वर्षी मी एक चिंच लावली आहे. लावताना जागा बघितली नव्हती, दोन वाफ्यांच्या मधे मोकळं दिसलं म्हणून लावली. अजून वीतभरच आहे, चिंच घाईत नसते. तिच्या शेजारी खुंटी ठोकली, दोरी बांधली, सहा मीटर मोजली. फौजीला दोरीचं टोक धरून फिरायला लावलं आणि मागून मी चुन्याची फक्की सोडत गेलो.

रेघ वाफ्यावरून गेली. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर चढली, पलीकडे उतरली. नवीन पाइपचा चर आत आला. अवजारांची फळी आत आली. ज्या बाकड्यावर बसून मी ही वही लिहितो तेही आत आलं. फौजी म्हणाला, मुकादम, एवढ्याशा काडीसाठी अर्धी रोपवाटिका हलवणार का? मी म्हटलं, हलवावी लागेल. तो म्हणाला, हुकूम आहे का? नाही, म्हटलं.

तो चहा करायला गेला. मी तिथंच थांबलो. देवाचं नाव घेतलं, आज काही मधे आलं नाही. मग लक्षात आलं की मी रेघेच्या आत, रोपाला जवळजवळ लागून उभा आहे, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात माझीच सावली त्याच्यावर पडली आहे.

बाहेर आलो. बाकडं ओढत आणलं, रेघ पुसली जाऊ नये म्हणून वरून उचलून घ्यावं लागलं. आता बाहेर बसून लिहितोय. फळी उद्या हलवीन, वाफे हळूहळू. भिंतीचं काय करायचं ते माहीत नाही.

समोर पांढरं वर्तुळ आहे. मधे वीतभर चिंच, भोवती नुसती माती. रिकामं वाटत नाही.